फॉरमॅट न मारता माझा कॉम्प्युटर परत मिळाला

बेळगावच्या टिळकवाडीत आरपीडी क्रॉसपासून चालत पाच-सात मिनिटांवर, पिठाच्या गिरणीला लागून कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. पाटीवर मोठ्या अक्षरात कन्नड, खाली इंग्रजी. मराठीत काही लिहिलेलं नाही, खरं आत गेलात की मालक तुमच्या भाषेत बोलतात. माझ्याशी मराठीत बोलत होते, माझ्यामागं थांबलेल्या बैलहोंगलच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये. दुकानाचं नाव मी इथं देत नाही, कारण त्यांनीच तशी विनंती केली. एकटा माणूस, हाताखाली एक पोरगा, एका वेळी चार-पाचच्या वर मशीन घेत नाहीत. ज्याला खरंच गरज आहे त्यानं गिरणी विचारत जावं, सापडतं. डिसेंबरात मी तिथं तीन वेळा गेले. त्या तीन फेऱ्यांत काय झालं ते नीट लिहून ठेवते, कारण असाच प्रकार आणखी कुणाच्या घरी झाला तर त्याच्या हातून डिस्क पुसली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मी खानापूरला घरातच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं, काम करते. बावीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, वीटभट्टीवाल्यांची बिलबुकं. मराठी श्रीलिपीत, कन्नड नुडीत, ही त्या त्या भाषेत टाइप करायची सॉफ्टवेअर. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची घाई सुरू होते आणि त्याच्या पाठोपाठ संमेलनांची. उचगाव, कडोली, येळ्ळूर, कुद्रेमनी, बेळगुंदी, माचीगड अशा गावांत हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलनं भरतात हे आपल्या भागात सांगायला नको. त्यातल्या एका संमेलनाची 64 पानांची स्मरणिका या वर्षी माझ्याकडं होती. पानं लावून झाली होती, दुसरं प्रूफ तपासून आलं होतं, दुरुस्त्या निम्म्या झाल्या होत्या. सगळं डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये. पेन ड्राइव्हवर होतं ते तीन आठवड्यांपूर्वीचं.

कॉम्प्युटर कंपनीचा तयार नाही, 2019 साली जुळवून घेतलेला. रायझन 5 3400जी प्रोसेसर, बी450 चा मदरबोर्ड, 16 जीबी रॅम आणि विंडोजसाठी 480 जीबीची एसएसडी, म्हणजे आत फिरणारं काही नसलेली डिस्क. त्याआधीचा माझा कॉम्प्युटर 2014 चा, विंडोज 8 घालूनच आलेला. त्यातली 1 टीबीची हार्ड डिस्क चांगली चालत होती, तिच्यावर माझं जुनं सगळं काम होतं. म्हणून जुळवणाऱ्यांना मी सांगितलं की हीसुद्धा नव्यात लावा, आहे ते तसंच राहू दे. त्यांनी लावून दिली. पुढं सहा वर्षं मला कधी त्रास झाला नाही. विंडोज एसएसडीवर, जुनं काम हार्ड डिस्कवर, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं.

एका गुरुवारी रात्री लाईट गेली, आली, परत गेली. यूपीएसची बॅटरी जुनी झालेली, तिनं तग धरला नाही. सकाळी चालू केलं तर आतून टक्, टक्, टक् असा आवाज आणि पडद्यावर काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात "रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस". थोड्या वेळानं तो आवाजही थांबला. भाचा आला, त्यानं झाकण काढून बघितलं. हार्ड डिस्कला हात लावला तर ती फिरतच नव्हती. केबल बदलली, एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) दुसरी वायर लावली, तरी नाही. म्हणजे ती गेली हे आम्हाला कळलं. जिवाला लागलं, खरं त्यात एक धीर होता की विंडोज आणि स्मरणिका एसएसडीवर आहेत. मग कॉम्प्युटर सुरू का होत नाही? बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डची स्वतःची सेटिंग असतात तिथं, एसएसडीचं नाव दिसत होतं. बूटच्या यादीत, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं त्या यादीत, मात्र ती नव्हती. भाच्यानं पेन ड्राइव्हवर विंडोज घेऊन त्यातलं स्टार्टअप रिपेअर चालवलं, त्यानं थोडा वेळ चक्र फिरवून "दुरुस्त करता आलं नाही" म्हणून सांगितलं.

त्यानंतर मी एक चूक केली. जवळ पडतं म्हणून एका दुकानात सीपीयू दिला. त्यांचं नाव मला घ्यायचं नाही. पहिल्या दिवशी ते म्हणाले, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून नवीन टाकतो, सी ड्राइव्हवरचं जाईल. मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता तर पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर डिस्कच दिसत नाही, एसएसडी पण गेली, नवीन घ्या. तपासणीचे 300 रुपये देऊन मी सीपीयू घरी आणला. त्या रात्री जेवण गेलं नाही. लोकांना फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून परत लिहिणं एवढंच वाटतं. आमच्या कामात तसं नसतं. पेजमेकर 7, कोरल, श्रीलिपीचे फाँट आणि त्यांची नोंदणी, नुडी, प्रिंटरची सेटिंग, प्रत्येक छापखान्याला हवी तशी पीडीएफची मांडणी, हे सगळं वर्षानुवर्षं बसवत आलेलं असतं. एखादा जुना फाँट मिळाला नाही तर 64 पानांतल्या ओळी सरकतात, आणि कवितेची ओळ सरकली की कवी रात्री नऊ वाजता फोन करतात. त्यांचं बरोबरच असतं.

टिळकवाडीच्या दुकानाचा पत्ता मला छापखान्यातल्या कंपोझिटर काकांनी दिला. सोमवारी सकाळी सीपीयू चादरीत गुंडाळून खानापूरहून बसनं निघाले. पिरनवाडी, उद्यमबाग करत आरपीडी क्रॉसला उतरले. सांगायचं कारण, खानापूरकडून येणाऱ्यांनी स्टँडपर्यंत जायची गरज नाही, रिक्षाचे पैसे वाचतात.

दुकानात शिरल्यावर पहिली गोष्ट अशी झाली की मालकांनी सीपीयू चालूच केला नाही. स्टुलावर ठेवून घेतला आणि म्हणाले, "बसा काकू. काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा." लाईट कधी गेली, आवाज कसला होता, पाटीवर नेमकं काय लिहून आलं, विंडोज कुणी घातलं होतं, त्या वेळी आत किती डिस्का होत्या, आणि बिघडल्यावर कुणाकुणाचा हात लागला. वहीत लिहून घेत होते. "विंडोज घालताना जुनी डिस्क जोडलेलीच होती का?" हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. मी म्हटलं, होय, त्यांना मीच सांगितलं होतं दोन्ही लावा म्हणून. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "काकू, मला वाटतंय तुमची एसएसडी मेली नाही. तिला सुरू करणारा जो भाग असतोय तो जुन्या डिस्कवर बसला असणार. खरं आधी बघूया, मग बोलूया."

मग झाकण काढून ब्रशनं धूळ झाडली. मदरबोर्डवरचा सेल काढून मीटर लावला. 3 व्होल्ट भरला, म्हणून तोच परत बसवला. मला हे फार आवडलं, कारण तिथं सहज 50 रुपयांचा सेल माझ्या गळ्यात घालता आला असता. एसएसडीची साटा केबल बदलून बघितली. मेलेली हार्ड डिस्क पूर्ण सोडवून बाजूला ठेवली आणि आपला पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं. काळी खिडकी उघडली, डिस्कपार्ट हा डिस्का आणि त्यांचे भाग दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम चालवला, "लिस्ट डिस्क" लिहिलं. यादीत एकच ओळ आली आणि ती पेन ड्राइव्हची होती. माझ्या काळजात धस्स झालं. म्हणजे आधीचे लोक खरं बोलत होते?

ते मात्र पडद्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "बायोसला नाव दिसतंय आणि विंडोजला दिसत नाही. मधी काहीतरी हाय." बायोसमध्ये परत गेले, साटा मोड, म्हणजे डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं ते सेटिंग, उघडला. तिथं एएचसीआयच्या जागी रेड लावलेलं होतं. मला विचारलं, हे तुम्ही केलंय का? मला त्यातलं काही कळत नाही, भाच्यानं बायोस फक्त बघितला होता, आणि बिघाडाच्या दिवशी त्याच्या पेन ड्राइव्हवरून एसएसडी दिसत होती हे त्याला चांगलं आठवत होतं. मी तिथूनच त्याला फोन लावून खात्री केली. म्हणजे हा बदल नंतर झाला. त्यांनी मला समजावलं की रेड लावलं की डिस्कशी बोलायची पद्धतच बदलते, आणि विंडोजच्या साध्या पेन ड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो, म्हणून चांगली डिस्कसुद्धा त्याला दिसत नाही. कुणीतरी एक खटका दाबला, त्यामुळं डिस्क दिसेनाशी झाली, आणि मग ती मेली असा निकाल दिला. एएचसीआय परत लावलं, "लिस्ट डिस्क" लिहिलं, आणि दुसरी ओळ आली. 447 जीबी. 480 ची एसएसडी विंडोज तशीच दाखवतो. मी हात जोडले, खरंच जोडले.

त्यांनी डिस्कवरचे भाग उघडले. 16 एमबीची एक राखीव जागा आणि मोठा सी ड्राइव्ह, बस. "हे बघा काकू, इथं पहिल्यांदा एक लहान भाग असायला पाहिजे होता, ईएफआय म्हणतात त्याला. तो नाही." आणि मग जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. कॉम्प्युटर चालू झाला की मदरबोर्ड विंडोज शोधत नाही. तो आधी ईएफआय नावाचा एक लहानसा भाग शोधतो, 100 एमबीच्या आसपासचा, फॅट32 पद्धतीचा. त्यात बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा लहान प्रोग्राम, असतो, आणि विंडोज कुठल्या डिस्कवर, कुठल्या भागात आहे ही माहिती असते. माझी जुनी हार्ड डिस्क विंडोज 8 च्या काळातली, तिच्यावर तो भाग आधीच होता. 2019 साली दोन्ही डिस्का जोडून विंडोज घातलं तेव्हा विंडोजच्या सेटअपला पहिल्या डिस्कवर ईएफआय तयार मिळाला. त्यानं बूटलोडर तिथंच नेऊन ठेवला आणि विंडोज मात्र एसएसडीवर. सहा वर्षं रोज सकाळी माझा कॉम्प्युटर आधी जुन्या डिस्कवर जात होता, तिथून पत्ता घेऊन एसएसडीवर येत होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. जुनी डिस्क गेली आणि बूटलोडर तिच्याबरोबर गेला. स्टार्टअप रिपेअरला जमलं नाही ते याच कारणानं: दुरुस्त करायला काही शिल्लकच नव्हतं.

मी लग्नपत्रिका करते हे ऐकून ते म्हणाले, "हॉल सजलेला हाय, स्वयंपाक झालेला हाय, खरं पत्रिकेवर पत्ता नाही. पत्रिका परत छापायची, एवढंच काम."

इथं कुणीही लगेच कामाला लागला असता. ते लागले नाहीत. पत्रिका परत छापायची तर सी ड्राइव्ह थोडा आकसून जागा करावी लागते, आणि त्या वेळी मधेच लाईट गेली तर काय, असं त्यांचं म्हणणं. आधी तुमचं काम बाहेर काढू, मग हात लावू. एसएसडी काढून त्यांनी यूएसबीच्या ॲडाप्टरवर आपल्या मशीनला जोडली. मला विचारलं, कॉपी कशावर घेणार? माझ्याकडं काही नव्हतं. ही माझी या दुकानाबद्दलची पहिली तक्रार. मी सकाळी फोन करून मगच निघाले होते, त्याच फोनवर सांगायला पाहिजे होतं की येताना बाहेरची डिस्क घेऊन या. मग मी रिक्षा करून खडे बाजारापर्यंत गेले, 1 टीबीची घेऊन आले, त्यात सव्वा तास गेला.

कॉपी सुरू झाल्यावर मी स्टुलावर बसून राहिले. शेजारची गिरणी सुरू असल्यामुळं काचेचं दार सतत बंद ठेवतात, पीठ आत येतं म्हणून. तरी मशीनच्या मागं पांढरा थर असतोच, पोरगा दर तासाला पुसत असतो. मधेच त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली आणि म्हणाला, "एनू आगिल्ल री, एल्ला अद." काही झालेलं नाही, सगळं आहे. पडद्यावर माझ्या स्मरणिकेचं फोल्डर उघडलेलं होतं, पान 1 ते 64, एकाखाली एक. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पोरानं ते बघून न बघितल्यासारखं केलं, याबद्दलही त्याचे आभार.

एक गोष्ट त्यांनी त्या वेळी सांगितली ती लॅपटॉपवाल्यांसाठी महत्त्वाची आहे. माझ्या डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावायचं विंडोजचं कुलूप, नव्हतं, म्हणून दुसऱ्या मशीनवर ती लगेच उघडली. असतं तर 48 आकडी रिकव्हरी की लागली असती, आणि ती कुठं ठेवली आहे हे निम्म्या लोकांना माहीत नसतं असा त्यांचा अनुभव.

दुपारी दीड ते चार दुकान बंद. त्या वेळात फोनही उचलत नाहीत. हे मला माहीत नव्हतं, बाहेर कट्ट्यावर बसावं लागलं. दाराला वेळ लिहिलेली नाही, ती लिहावी.

चार नंतरचं काम मात्र फार तर वीस मिनिटांचं. मी शेजारी उभी राहून बघितलं, त्यांनीच बघा म्हटलं. डिस्कपार्टमध्ये सी ड्राइव्हमधून 300 एमबी मोकळे केले, त्यात 260 एमबीचा ईएफआय भाग केला, फॅट32 मध्ये फॉरमॅट केला. (या नव्या, रिकाम्या तुकड्याचं फॉरमॅट. माझ्या सी ड्राइव्हचं नाही. तो शब्द ऐकून मी दचकले तेव्हा त्यांनी थांबून दाखवलं.) त्या भागाला एस हे अक्षर दिलं. मग "लिस्ट व्हॉल्यूम" करून विंडोज नक्की कुठल्या अक्षरावर आहे ते परत तपासलं, कारण पेन ड्राइव्हवरून सुरू केलं की सीचा डी होऊ शकतो, डीचा ई, आणि घाईत चुकीच्या अक्षरावर काम झालं की पंचाईत. शेवटी बूटच्या फायली तयार करणाऱ्या बीसीडीबूटची एकच ओळ: विंडोजचं फोल्डर हे, बूटच्या फायली एसवर ठेव, यूईएफआयसाठी (म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोससाठी). खाली उत्तर आलं, "बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड".

पेन ड्राइव्ह काढला, मशीन परत सुरू केलं. बायोसच्या यादीत आता "विंडोज बूट मॅनेजर" असं नाव आलं होतं. आणि मग माझा डेस्कटॉप. मलप्रभेच्या घाटाचा फोटो, डाव्या बाजूला फोल्डर, सगळं गुरुवारी रात्री होतं तसं. मी तिथंच पेजमेकर उघडून पान 37 बघितलं, तिथं एक लांब कविता आहे. ओळ सरकली नव्हती.

जुन्या हार्ड डिस्कबद्दल त्यांनी मला आशा दाखवली नाही. टक् टक् करून बंद पडलेली डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून बघायची नाही, आतल्या चकत्यांवर ओरखडे पडतात, आहे तेही जातं. ती उघडायची तर धूळ नसलेली खोली लागते, ती सोय माझ्याकडं नाही, बाहेरगावी पाठवावी लागेल आणि खर्च मोठा येईल, मिळेलच असंही नाही. एवढंच सांगून डिस्क मला परत दिली, स्वतःकडं ठेवून घेतली नाही. माझं 2014 ते 2019 मधलं काम तिच्यावर होतं. पत्रिकांचं काही नाही, त्या झाल्या, लग्नं झाली. खरं त्यात पाच-सहा संमेलनांच्या ग्रंथदिंडीचे फोटो होते. त्यातली काही माणसं आज नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांनी श्रद्धांजलीच्या कार्डासाठी फोटो मागितला तर मी तिथूनच काढून देत असे. ती डिस्क मी कपाटात ठेवली आहे. पैसे साठले की पाठवणार आहे.

बिल झालं 900 रुपये, 650 दुरुस्तीचे आणि 250 कॉपीचे. हातानं लिहिलेली पावती दिली. फोन-पे चालतं. आधी अंदाज विचारला होता तेव्हा "हजाराच्या आत" म्हणाले होते आणि तसंच झालं. तरी पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आकडा विचारून घ्यावा, ते आपणहून सांगत नाहीत. काम करताना गिऱ्हाइकानं शेजारी बसावं असा त्यांचा आग्रह असतो, विशेषतः फायली काढताना. ज्याला सीपीयू टाकून बाजाराला जायचं आहे त्याला हे दुकान जमणार नाही. बसायला एकच स्टूल आहे. कंबर दुखत असेल तर त्रास होतो, हे त्यांना मी तोंडावर सांगितलं आहे.

दुसरी फेरी मी चार दिवसांनी केली, कारण घरी आल्यावर कॉम्प्युटर सुरू व्हायला थोडा जास्त वेळ घेतोय असं वाटलं. त्यांनी बघितलं, बायोस अजून त्या मेलेल्या डिस्कच्या जुन्या नोंदीकडं आधी जात होता. ती नोंद काढून टाकली, पैसे घेतले नाहीत. त्याच वेळी मी विंडोज 11 बद्दल विचारलं, कारण विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले हे मला भाच्यानं सांगितलं होतं. त्यांनी प्रोसेसर बघून सांगितलं की याच्यावर 11 चालतं, खरं आत्ता हात लावू नका, स्मरणिका छापून येऊ दे, मग या. गिऱ्हाईक समोर असताना काम पुढं ढकलणारा दुकानदार मी फार बघितलेला नाही.

तिसरी फेरी स्मरणिकेची प्रत द्यायला. छापून वेळेत आली. त्यांनी ती उभ्यानं चाळली, पान 37 वर थांबले, कविता पूर्ण वाचली.

आता ज्यांच्याकडं जुळवलेला कॉम्प्युटर आहे आणि आत दोन डिस्का आहेत त्यांनी एवढं करावं. स्टार्टच्या खुणेवर उजवी क्लिक, डिस्क मॅनेजमेंट उघडायचं. खाली डिस्क 0, डिस्क 1 अशा आडव्या पट्ट्या दिसतात. ज्या पट्टीवर सी आहे त्याच पट्टीवर "ईएफआय सिस्टीम पार्टिशन" असं लिहिलेला लहान भाग आहे का बघा. असला तर ठीक. तो दुसऱ्या डिस्कवर असला तर तुमचं माझ्यासारखंच आहे, आणि ती दुसरी डिस्क जुनी असेल तर थांबू नका. कुणी नवीन विंडोज घालून देत असेल तर त्याला सांगा की त्या वेळी एकच डिस्क जोडा, बाकीच्यांच्या केबल काढून ठेवा, विंडोज बसल्यावर परत लावा. पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या जुळवणाऱ्यांनी ते केलं असतं तर त्या गुरुवारी माझी फक्त जुनी डिस्क गेली असती, कॉम्प्युटर सुरूच राहिला असता. आणि कुणी डिस्क मेली म्हणून सांगितलं तर ती दुसऱ्या मशीनला जोडून दाखवा असं म्हणायला संकोच करू नका.

माझ्या सीपीयूच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी पांढरी चिठ्ठी चिकटवली आहे. मराठीत लिहिलंय: "बूट एसएसडीवर. साटा मोड एएचसीआय, बदलू नये." खाली तारीख.

गेल्या आठवड्यात नंदगडला नणंदेकडं गेले होते. तिच्या मुलाचा कॉम्प्युटरही जुळवलेला, दोन डिस्का. मी डिस्क मॅनेजमेंट उघडून बघितलं. सी एसएसडीवर, ईएफआय जुन्या हार्ड डिस्कवर. ती अजून चालू आहे. मंगळवारी सकाळच्या बसनं आम्ही त्याचा सीपीयू घेऊन टिळकवाडीला जाणार आहोत, बाहेरची डिस्क या वेळी बरोबर घेतली आहे.